अब्रू कोणाची गेली?

वर्तमानपत्राच्या माणसाला तुरुंगांत टाकलें, ही बातमी आपल्या घरांतून आतां फारशी कोणाला हलवीत नाहीं. सकाळच्या चहाबरोबर ती वाचली जाते, "फार वाईट झालें," असें वडील मंडळी म्हणतात, आणि पान उलटलें जातें. ज्याला कैद झाली तो दूरचा, ज्या देशांत झाली तो देश त्याहून दूरचा, आणि ज्या भानगडीवरून झाली ती तर आकडे व कंपन्या यांच्या जंजाळांत गुंतलेली. मग तिचा आपल्या माजघराशीं संबंध काय, असें कोणासहि वाटावें. या महिन्यांत आम्ही अशाच एका दूरच्या कैदेविषयीं लिहिणार आहों. कारण तिचा आरंभ न्यायालयांत किंवा पोलिसचौकींत झाला नाहीं, तो एका घराच्या निजण्याच्या खोलींत झाला. तेथें प्रथम उपसलें गेलेलें हत्यार बेडीचें नव्हतें, अब्रूचें होतें. आणि तें हत्यार आपल्या घरांच्या चांगलें ओळखीचें आहे.

कास्पियन समुद्राच्या पश्चिम तीरावर अझरबैजान नांवाचा देश आहे. बाकू ही त्याची राजधानी. तेथील भूमींतून तेल निघतें, आणि त्या तेलावर हें शहर शतकाहून अधिक काळ पोसलें गेलें आहे. १९९१ सालीं सोव्हिएट संघराज्य मोडलें तेव्हां हा देश स्वतंत्र झाला. १९९३ पासून हैदर अलीयेव्ह हे त्याचे राष्ट्राध्यक्ष होते. २००३ सालीं त्यांच्या जागीं त्यांचे चिरंजीव इल्हाम अलीयेव्ह आले. लागोपाठ दोन वेळांहून अधिक कोणी अध्यक्ष होऊं नये असें घटनेंत बंधन होतें. तें २००९ सालीं सार्वमत घेऊन काढून टाकण्यांत आलें. २०१७ सालीं इल्हाम यांनीं पहिल्या उपराष्ट्राध्यक्षाच्या जागेवर आपल्या पत्नीचीच नेमणूक केली. नांव प्रजासत्ताकाचें, पण रीत घरच्या गादीची, असा हा कारभार आहे.

खदीजा इस्मायिलोवा यांचा जन्म याच बाकू शहरीं १९७६ सालीं झाला. अमेरिकन सरकारच्या पैशानें चालणाऱ्या 'रेडिओ लिबर्टी'च्या अझरबैजानी शाखेंत त्या काम करीत. २ मार्च २००५ रोजीं 'मॉनिटर' या सरकारवर निर्भीड टीका करणाऱ्या नियतकालिकाचे संपादक एल्मार हुसेनोव्ह यांचा, ते राहत होते त्या इमारतीच्या जिन्यांत, गोळ्या घालून खून झाला. या खुनानेंच आपल्याला लांचलुचपतीच्या शोधाकडे वळविलें, असें खदीजाबाईंनीं पुढें सांगितलें आहे. एक माणूस एकटाच लिहीत राहिला म्हणून त्याला उडविणें सोपें गेलें; तसें लिहिणारे दहा असते तर तें इतकें सोपें गेलें नसतें, हा त्यांतला विचार उघड आहे.

त्यांनीं शोधिलें काय, हें समजण्यासाठीं अर्थशास्त्र शिकण्याची जरूर नाहीं. आपल्यापैकीं कित्येक घराण्यांत एक जुनी गोष्ट हलक्या आवाजांत सांगितली जाते. कर्त्यानें सामाईक उत्पन्नांतून एक मळा घेतला, तो कोणा तिऱ्हाइताच्या नांवावर चढविला, आणि पुढें एखाद्या चिकित्सक पुतण्यानें सरकारी दप्तरांतला उतारा काढून पाहिला तेव्हां तो तिऱ्हाईत म्हणजे कर्त्याचाच मेहुणा निघाला. बेनामी हा शब्द आपल्याकडे उगाच रूढ झालेला नाहीं. खदीजाबाईंनीं केलें तें त्या पुतण्याचेंच काम. फरक इतकाच, कीं येथें कुटुंब म्हणजे सारा देश, मळा म्हणजे बँका, टेलिफोन आणि सोन्याच्या खाणी, आणि उतारे काढावयाचें दप्तर बाकूपासून पनामापर्यंत पसरलेलें.

ऑगस्ट २०१० मध्यें त्यांनीं एका सहकारी भगिनीबरोबर लिहिलेला लेख प्रसिद्ध झाला. सरकारी विमान कंपनीच्या पोटांतले किफायतशीर व्यवसाय खाजगी हातीं देण्यांत आले होते. त्यांत एक बँकहि होती, आणि तिच्या भागीदारांत राष्ट्राध्यक्षांच्या कन्या आर्झू यांचें नांव निघालें. २०११ सालीं बाईंनीं झपाट्यानें वाढणाऱ्या एका मोबाइल टेलिफोन कंपनीच्या मालकीचा माग काढला. तो पनामांत नोंदलेल्या कंपन्यांपाशीं पोंचला, आणि त्या कंपन्यांच्या कागदांवर लैला व आर्झू या दोन्ही अध्यक्षकन्यांचीं नांवें होतीं. मे २०१२ मध्यें पाळी आली सोन्याच्या खाणींची. चोवदार येथील खाणीचा हक्क ज्या कंपन्यांना सरकारनें दिला होता, त्यांतल्या एकीच्या मागें पनामाच्या कंपन्या उभ्या होत्या, आणि त्यांच्याहि मागें पुनः त्याच दोन कन्या. त्याच महिन्यांत बाकू येथें युरोपांतील गायनस्पर्धेचा मोठा सोहळा व्हावयाचा होता. त्यासाठीं बांधलेल्या भव्य सभागृहाच्या कामांतहि अध्यक्षांच्या कुटुंबाचे हितसंबंध गुंतल्याचें बाईंनीं दाखवून दिलें.

ही माहिती कोणाची तिजोरी फोडून मिळविलेली नव्हती. नोंदणी कचेऱ्यांतले उतारे, कंपन्यांचीं कागदपत्रें आणि सरकारचे स्वतःचे हुकूम हीं एकमेकांशेजारीं मांडून, जें जुळतें तेवढेंच लिहावयाचें, अशी त्यांची पद्धत होती. म्हणूनच त्यांना खोटें पाडणें अवघड होतें. आणि ज्याचें म्हणणें खोडतां येत नाहीं, त्याच्या चारित्र्याला हात घालावा, हा जगांतला फार जुना उपाय आहे.

खाणींवरील लेख बाहेर पडण्यापूर्वींच, मार्च २०१२ मध्यें, त्यांच्या घरीं टपालानें एक पाकीट आलें. त्यावर मॉस्कोचा शिक्का होता. आंत त्यांच्या निजण्याच्या खोलींत छुप्या कॅमेऱ्यानें घेतलेलीं त्यांच्या खाजगी आयुष्यांतलीं छायाचित्रें होतीं, आणि सोबत एका शिवीसह धमकी होती: नीट वागा, नाहीं तर साऱ्या जगापुढें बेअब्रू करूं.

येथें क्षणभर थांबून आमच्या वाचकांनीं व वाचकभगिनींनीं तें पाकीट आपल्याच घरांत उघडलें गेलें अशी कल्पना करावी. धमकी देणाऱ्यांचा हिशेब काय होता? बाई अविवाहित, समाज मुसलमानी आणि रूढिप्रिय, आणि घरच्या पुरुषांच्या मानापमानाच्या कल्पना कडक. ही बाई भिऊन गप्प बसेल. ती नाहीं भ्याली तर तिच्या घरचे तिला गप्प बसवितील. कोणी तरी वडीलधारें माणूस तिच्यापुढें हात जोडील आणि म्हणेल, "बाई, तुझ्या त्या लेखांपेक्षां घराचें नांव मोठें आहे, सोडून दे." सरकारला हुकूम काढावा लागणार नाहीं, न्यायाधीश बसवावा लागणार नाहीं, तुरुंगांत एक कोठडी सुद्धां अडणार नाहीं. जें काम राज्यानें करावयाचें, तें घर आपण होऊन करील. असें फुकटचें मनुष्यबळ आपल्यासारख्या अब्रूदार घरांवांचून कोणाला कोठें मिळणार?

हिशेब चुकला. खदीजाबाईंनीं पाकीट दडविलें नाहीं. आपल्याला काय पाठविण्यांत आलें आहे आणि काय धमकी देण्यांत आली आहे, हें त्यांनीं स्वतःच जाहीर केलें, आणि आपण काम थांबविणार नाहीं असेंहि सांगितलें. एका आठवड्याच्या आंत तें चलच्चित्र खरोखरच इंटरनेटवर सोडण्यांत आलें. तेव्हां बाईंनीं काय केलें? त्यांनीं त्या कॅमेऱ्याचाहि माग काढावयास घेतला! घराची झडती घेतां भिंतींतून लपवून नेलेल्या तारा सांपडल्या. टेलिफोन खात्याच्या ज्या कारागिरानें आदल्या वर्षीं तेथें तार जोडली होती त्याला त्यांनीं शोधून काढलें, आणि वरून सांगितल्यामुळें आपण तें काम केलें असें त्यानें कबूलहि केलें. सरकारी तपासनीसांना जें करतां आलें नाहीं, किंवा करावयाचें नव्हतें, तें फिर्यादी बाईनें चार दिवसांत करून दाखविलें. हें कृत्य नेमकें कोणी करविलें, तें आजवर कोणत्याहि न्यायालयांत सिद्ध झालेलें नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे; तें सिद्ध होऊं नये अशा बेतानें तपास झाला, इतकें मात्र दिसतें. उलट, तपासाचा अहवाल म्हणून सरकारी वकिलांच्या कचेरीनें जें पत्रक प्रसिद्ध केलें त्यांत बाईंचा पत्ता, त्यांच्या मित्राचें नांव, आणि ज्यांच्या जबान्या घेतल्या त्या स्नेह्यासोबत्यांचीं नांवें सुद्धां उघड छापलीं!

आणि समाज? ज्याच्या भयावर सारी मदार होती, त्या समाजांतून अपेक्षित दगड आले नाहींत. धर्मनिष्ठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंडळींनीं सुद्धां बाईंचा नव्हे, तर चोरून कॅमेरा लावणाऱ्यांचा धिक्कार केला. आमच्या मतें या साऱ्या हकीकतींतली सर्वांत मोठी घटना हीच होय. त्या मंडळींना बाईंची राहणी पसंत होती असें नाहीं. आमच्या वाचकांतहि तिच्याविषयीं मतभेद असतील, आणि ते असण्यास आमची हरकत नाहीं. परंतु परक्याच्या निजण्याच्या खोलींत डोळा लावून बसणारा आणि त्या खोलींत राहणारा या दोघांत अब्रू कोणाची गेली, एवढा एकच प्रश्न तेथें होता, आणि त्याचें उत्तर देतांना त्या रूढिप्रिय लोकांनीं गल्लत केली नाहीं.

राज्यकर्त्यांनीं आतां दुसरी तजवीज केली. जून २०१२ मध्यें अझरबैजानच्या विधिमंडळानें कायदे दुरुस्त केले. कंपन्यांचे मालक कोण ही माहिती गुप्त ठरविण्यांत आली, आणि माजी अध्यक्ष व त्यांच्या पत्नी यांना जन्मभर खटल्यांपासून अभय देण्यांत आलें. घरांतल्या चोरीचा गवगवा झाला म्हणून चोराला न धरतां दिवा मालवावा, तशांतली ही गोष्ट.

दिवा मालवूनहि लेखणी थांबेना, तेव्हां ५ डिसेंबर २०१४ रोजीं बेडी आली. पहिला आरोप असा, कीं बाईंनीं एका माजी सहकाऱ्याला आत्महत्येस प्रवृत्त केलें. तो मनुष्य जिवंत होता, आणि पुढें त्यानें आपली तक्रार मागेंहि घेतली. हा आरोप टिकेल अशी खात्री नसावी. कारण फेब्रुवारी २०१५ मध्यें अपहार, बेकायदा व्यवसाय, करचुकवेगिरी आणि अधिकाराचा गैरवापर असे चार नवे आरोप त्यांत घालण्यांत आले. अपहार उघडकीस आणणारीवरच अपहाराचा आळ! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. ज्या रेडिओसाठीं त्या काम करीत त्याची बाकूमधील कचेरी डिसेंबर संपण्यापूर्वींच पोलिसांनीं मोहोरबंद केली होती. जून २०१५ मध्यें बाकू शहरीं युरोपीय क्रीडासामने थाटामाटानें झाले. देशोदेशींचे पाहुणे आले, रोषणाई झाली, आणि त्याच शहराच्या एका कोठडींत बाई खटल्याची वाट पाहत होत्या. १ सप्टेंबर २०१५ रोजीं निकाल लागला. आत्महत्येच्या आरोपांतून त्या सुटल्या. बाकीच्यांबद्दल साडेसात वर्षांची सजा झाली.

बाई आंत असतां बाहेर दोन गोष्टी घडल्या. निरनिराळ्या देशांतल्या वार्ताहरांनीं त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या शोधांचें काम आपसांत वांटून घेतलें आणि त्यांच्याच नांवानें तें चालविलें. लिहिणारीला कोंडलें, पण लिहिणें कोंडतां आलें नाहीं. पुढें एप्रिल २०१६ मध्यें पनामाच्या एका वकिली पेढीचीं लक्षावधि कागदपत्रें जगापुढें आलीं, आणि खाणींविषयीं बाईंनीं चार वर्षांपूर्वीं जें लिहिलें होतें त्याला त्या कागदांतून दुजोरा मिळाला. सत्य आंत बसलें होतें आणि त्याचा पुरावा बाहेर फिरत होता.

३ मे २०१६ रोजीं फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथें युनेस्कोचें वृत्तपत्रस्वातंत्र्याचें पारितोषिक खदीजाबाईंना देण्यांत आलें. तें घेण्यासाठीं व्यासपीठावर गेल्या त्या त्यांच्या मातोश्री. चार वर्षांपूर्वीं ज्या पाकिटानें या माउलीला समाजांत तोंड दाखवावयास जागा राहूं नये अशी योजना केली होती, त्याला याहून चोख उत्तर कोणत्याहि लेखानें दिलें नसतें. लेक तुरुंगांत, लेकीचीं छायाचित्रें जगभर पसरलेलीं, आणि आई मान ताठ ठेवून जगापुढें उभी. घर काय करूं शकतें याचें हें दुसरें चित्र.

त्यानंतर तीन आठवड्यांनीं, २५ मे २०१६ रोजीं, देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें अपहार व अधिकाराचा गैरवापर हे आरोप रद्द केले, उरलेल्यांची सजा साडेतीन वर्षांवर आणून तहकूब ठेवली, आणि ५३७ दिवसांनीं बाई घरीं आल्या. दोनच दिवसांनीं त्यांना चाळीस वर्षें पूर्ण झालीं. तथापि देश सोडून जाण्यास मनाई होती. त्यामुळें २०१७ सालीं स्वीडनमधील 'राइट लाइव्हलिहुड' पारितोषिक मिळालें तें घेण्यासहि त्यांना जातां आलें नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत युरोपांतल्या वार्ताहरांनीं एक नवें प्रकरण उघडकीस आणलें. २०१२ ते २०१४ या काळांत अझरबैजानमधून सुमारें २९० कोटि डॉलर एका डॅनिश बँकेच्या एस्टोनियांतील शाखेमार्गें गुपचुप बाहेर गेले होते, आणि ते ज्यांना पोंचले त्यांत युरोपांतील कांहीं राजकारणी पुरुषहि होते. बाईंची निजण्याची खोली जगाला दाखविली जात होती आणि त्यांना तुरुंगांत घालण्याची तयारी चालली होती, तेव्हां देशाची तिजोरी या वाटेनें वाहत होती.

"पण न्यायालयानें त्यांना दोषी ठरविलें ना? कांहीं तरी असल्याशिवाय का असें होतें?" हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं कोणी तरी विचारणारच, आणि तो विचारला पाहिजे. त्याचें उत्तर आमचें नसून स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचें आहे. १० जानेवारी २०१९ च्या निकालांत त्या न्यायालयानें म्हटलें, कीं पाकीट व कॅमेरा यांचा नीट तपास करण्यांत सरकारनें कसूर केली, आणि पत्रक काढून बाईंच्या खाजगी आयुष्यावर स्वतःहि आघात केला. २७ फेब्रुवारी २०२० च्या दुसऱ्या निकालांत तें याहून पुढें गेलें. बाईंना अटक करण्यास वाजवी संशय नव्हता. त्यांच्या लेखनाबद्दल त्यांना गप्प बसविणें व शिक्षा करणें हाच त्या अटकेचा खरा हेतु होता, असा त्याचा निष्कर्ष आहे. न्यायालयें अशी सौम्य भाषेंत बोलतात. घरगुती भाषेंत याला सूड म्हणतात.

ही जुनी हकीकत आज सांगावयाचें कारण असें, कीं ती संपलेली नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें बाकू येथील 'अबझास मीडिया' या लांचलुचपतीचा शोध घेणाऱ्या वृत्तसंस्थेचे संचालक उल्वी हसनली आणि संपादिका सेविंज वागिफगिझी यांना अटक झाली. कचेरींत परदेशी चलन सांपडलें आणि तें चोरून आणलें होतें, असा आळ त्यांच्यावर घालण्यांत आला. वर्षभरानें, नोव्हेंबर २०२४ मध्यें, बाकू येथें हवामानाविषयींची जागतिक परिषद भरली. पाहुणे पुनः आले, रोषणाई पुनः झाली, आणि वार्ताहर पुनः कोठडींत होते. जून २०२५ मध्यें त्या दोघांना नऊ नऊ वर्षांच्या सजा झाल्या, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाहि तशाच दीर्घ कैदा मिळाल्या. याहि वेळीं इतर देशांतल्या पत्रकारांनीं त्यांचें काम पुढें नेलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. राजानें मारलें आणि पावसानें झोडपलें तर तक्रार कोणाकडे करावी, असें म्हणून आपण अशा गोष्टींपासून हात झटकतों. तुरुंगाच्या बाबतींत तें एक वेळ खरें असेल. तुरुंगाच्या किल्ल्या आपल्या हातीं नसतात. पाकिटाच्या बाबतींत तें खरें नाहीं. पाकिटाचें हत्यार चालतें कीं बोथटतें, तें केवळ घरांतल्या माणसांवर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांवर अवलंबून असतें. कोणा कारकुनाची लेक नगरपालिकेचे हिशेब तपासूं लागली, कोणाच्या सुनेनें गृहसंस्थेच्या निधींतली तूट दाखविली, कीं "तिचें वागणें कसें आहे, माहीत आहे ना?" ही कुजबुज पहिल्यानें कोठें सुरू होते? ती आपल्या ओसरीवर, आपल्या हळदीकुंकवांत सुरू होते. तूट किती रुपयांची आहे हें विचारण्यापूर्वीं तूट दाखविणारी किती वाजतां घरीं येते हें आपण विचारतों. आणि आजकाल तर असलीं चित्रें हातांतल्या यंत्रावरून क्षणांत घरोघर पोंचतात. तीं पाहणारा आणि पुढें धाडणारा प्रत्येक जण त्या कॅमेरा लावणाऱ्याचा बिनपगारी नोकर होतो, हें सभ्य म्हणविणाऱ्या घरांस समजूं नये ना?

वडील मंडळींस आमची विनंति एवढीच आहे. घरांतल्या मुलीनें किंवा मुलानें कोणाचा खोटा हिशेब उघडकीस आणिला, आणि त्यानंतर तसलें एखादें पाकीट उंबऱ्यांत येऊन पडलें, तर प्रथम पाकिटांत काय आहे तें पाहूं नये; तें कोणत्या हिशेबानंतर आलें तें पाहावें. मग ज्या आसनावर बसून आपण घराची प्रतिष्ठा सांभाळली, त्याच आसनावर त्या लेकराला शेजारीं बसवून घ्यावें. हेलसिंकीच्या व्यासपीठावर त्या मातेनें याहून वेगळें कांहीं केलें नाहीं.